सभागृहात घडलेली राष्ट्रचिन्हे : नॉर्वेचा ध्वज, सतरा मे आणि राष्ट्रगीत

श्रोतेहो, राष्ट्रध्वजाची गोष्ट सांगायला बसले की ती बहुधा रणांगणापासून सुरू होते. डेन्मार्कच्या ध्वजाची आख्यायिका तशीच आहे. १२१९ साली एस्टोनियातील लिंडानिसे येथे लढाई चालू असताना, डॅनिश सैन्याचा धीर सुटत आलेला असताना, पांढऱ्या क्रुसाचे लाल निशाण आकाशातून खाली आले आणि राजा दुसरा वाल्डेमार विजयी झाला, असे तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. शेजारच्या नॉर्वेच्या ध्वजाला अशी दैवी वंशावळ नाही. त्याच्यामागे आहे बर्गन शहरातील एका व्यापाऱ्याने कागदावर रंगवलेले चित्र, संसदेतील मतदान, राजाने नाकारलेली मंजुरी, नंतर दिलेली अर्धीमुर्धी परवानगी आणि त्या परवानगीचे पूर्ण हक्कात रूपांतर करण्यासाठी चाललेला सत्याहत्तर वर्षांचा झगडा. आज मला या इतिहासाबद्दल बोलायचे आहे. नॉर्वेची राष्ट्रचिन्हे सभागृहात घडली, लोकांनी ती वापरून वापरून आपलीशी केली, आणि म्हणूनच त्या चिन्हांनी कोणाला आत घेतले व कोणाला बाहेर ठेवले याचा हिशेब तिथे कागदोपत्री सापडतो. हा हिशेब सगळाच गौरवाचा नाही, आणि तो पूर्ण मांडल्याशिवाय या विषयाला न्याय मिळणार नाही.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. नॉर्वे हे मध्ययुगात स्वतंत्र राज्य होते. १३८० साली ते आणि डेन्मार्क एका राजाखाली आले, आणि पुढे १५३६ मध्ये तिसऱ्या क्रिस्तियानने नॉर्वेचे वेगळे राज्यपण यापुढे राहणार नाही, ते डेन्मार्कचाच एक भाग असेल, असे जाहीर केले. चारशे वर्षांहून अधिक काळ कोपनहेगन हीच राजधानी, तिथलीच लिखित भाषा, तिथलेच विद्यापीठ. नॉर्वेला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १८११ साली. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्कने हरणाऱ्या बाजूची साथ केली, आणि १४ जानेवारी १८१४ रोजी कील येथे झालेल्या तहात डेन्मार्कच्या राजाला नॉर्वे स्वीडनच्या राजाच्या हवाली करावे लागले. आइसलँड, ग्रीनलँड आणि फॅरो बेटे ही मुळात नॉर्वेच्या राजमुकुटाकडची. ती मात्र डेन्मार्ककडेच राहिली. जेमतेम नऊ लाख वस्तीच्या या देशाला कोणी काही विचारले नव्हते.

त्या वेळी डेन्मार्कचा युवराज क्रिस्तियान फ्रेडरिक नॉर्वेत राजप्रतिनिधी होता. कीलचा तह त्याने मानला नाही. वारसाहक्काने आपणच राजा आहोत असे जाहीर करण्याचा त्याचा विचार होता, परंतु फेब्रुवारीत आइड्सवोल येथे जमलेल्या प्रमुख मंडळींनी त्याला वेगळी वाट दाखवली. डेन्मार्कच्या राजाने सिंहासन सोडले असेल, तर सार्वभौमत्व परत लोकांकडे येते. तेव्हा आधी घटना, मग राजा, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग गावोगावच्या चर्चमध्ये लोकांना एकत्र बोलावून देशाचे स्वातंत्र्य राखण्याची शपथ देण्यात आली आणि तिथेच प्रतिनिधी निवडण्याची प्रक्रिया सुरू झाली. एप्रिलमध्ये एका लोखंडाच्या कारखानदाराच्या, कार्स्टन आंकरच्या, आइड्सवोलमधील प्रशस्त लाकडी घरात ११२ प्रतिनिधी जमले. त्यांत अधिकारी, धर्मोपदेशक आणि व्यापारी होते, त्याचप्रमाणे सदतीस शेतकरीही होते. उत्तरेकडील टोकाच्या प्रदेशांतून कोणीच वेळेवर पोचू शकले नाही. अंतरे तेवढी मोठी होती आणि घाईही तेवढी होती. सुमारे सहा आठवड्यांत त्यांनी राज्यघटना तयार केली. १७ मे १८१४ ही तिच्यावरील तारीख, आणि म्हणूनच सतरा मे हा पुढे नॉर्वेचा राष्ट्रीय दिन झाला. सभा संपताना प्रतिनिधींनी हातात हात गुंफले आणि ‘डोव्हरे पर्वत कोसळेपर्यंत एकजुटीने आणि निष्ठेने’ राहण्याची शपथ घेतली.

याच घटनेचे दुसरे कलम आज वाचताना मान खाली जाते. राज्याचा धर्म इव्हँजेलिकल लुथरन असेल असे सांगून, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाला आणि मठवासी पंथांना मज्जाव करून, ते कलम पुढे म्हणते की ज्यूंना राज्यात प्रवेश नसेल. युरोपातील त्या काळच्या अत्यंत उदार घटनांपैकी ही एक होती, मोन्तेस्क्यू आणि रूसो वाचलेल्या माणसांनी ती लिहिली होती, आणि त्याच माणसांनी हे वाक्यही लिहिले होते. ही गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण सतरा मे या दिवसाचा इतिहास तिच्यापासून वेगळा काढता येत नाही.

स्वातंत्र्य काही टिकले नाही. जुलैच्या अखेरीस स्वीडनने चढाई केली, तीन आठवड्यांत लढाई संपली आणि १४ ऑगस्टला मॉस येथे करार झाला. क्रिस्तियान फ्रेडरिकने राजपद सोडावे आणि नॉर्वेने स्वीडनच्या राजाशी संयुक्त व्हावे, पण आइड्सवोलची घटना, आवश्यक त्या दुरुस्त्यांपुरती सोडून, कायम राहावी, असे ठरले. राजा गेला, सार्वभौमत्व अर्धे गेले; पण घटना राहिली आणि तिच्याबरोबर स्टॉर्टिंग, म्हणजे नॉर्वेची संसद, राहिली. पुढच्या नव्वद वर्षांतील सगळे राजकारण या एका कागदाच्या आधाराने झाले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आता ध्वजाकडे येतो. १८१४ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्त झालेल्या घटनेच्या १११ व्या कलमात म्हटले होते की नॉर्वेला स्वतःचा व्यापारी ध्वज असण्याचा हक्क आहे, युद्धध्वज मात्र संयुक्त राज्याचा असेल. हक्क होता, ध्वज नव्हता. फ्रेडरिक मेल्टसर हा बर्गनचा व्यापारी १८२१ साली स्टॉर्टिंगचा सदस्य होता. ध्वजासाठी पुष्कळ नमुने पुढे आले होते आणि त्यांवर वादही बराच झाला. मेल्टसरची सूचना साधी होती: लाल कापडावर पांढऱ्या कडांचा निळा क्रूस. लाल-पांढरा म्हणजे चारशे वर्षे ज्या डॅनिश निशाणाखाली नॉर्वेजियन खलाशी जगभर फिरले ते निशाण, आणि निळ्यात स्वीडनच्या ध्वजाची ओळख. शिवाय लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग एकत्र आले की त्या काळच्या माणसाला फ्रान्स, अमेरिका, ब्रिटन आणि नेदरलँड्स आठवत, म्हणजे जिथे राजाच्या सत्तेला मर्यादा घातल्या गेल्या होत्या किंवा राजाच उरला नव्हता ते देश. हा अर्थ मेल्टसरच्या मनात होता, आणि तो राजालाही कळला असणार यात मला शंका वाटत नाही.

राजा होता कार्ल योहान, पूर्वाश्रमीचा फ्रेंच सेनानी बर्नादोत, नेपोलियनचा मार्शल. स्टॉर्टिंगने ध्वजाचा कायदा मे १८२१ मध्ये संमत केला. राजाने त्याला मंजुरी नाकारली. ध्वज ठरवणे हा आपला अधिकार आहे, संसदेचा नव्हे, अशी त्याची भूमिका होती. मात्र १३ जुलैला त्याने आपल्या स्वतंत्र आदेशाने तोच ध्वज व्यापारी जहाजांवर वापरण्यास अनुमती दिली. म्हणजे कायदा म्हणून नाही, कृपा म्हणून. आणि कृपेलाही हद्द होती. स्पेनच्या वायव्य टोकाला फिनिस्तेर नावाचे भूशिर आहे; त्याच्या उत्तरेकडील समुद्रातच हा ध्वज लावायचा. त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्राच्या वाटेवर उत्तर आफ्रिकेतील चाच्यांचा वावर असे. त्या राज्यांशी स्वीडनने पैसे मोजून करार केले होते, त्यांना स्वीडनचे निशाण ओळखीचे होते, नॉर्वेचे नव्हते.

कल्पना करा, सुकवलेल्या कॉड माशांनी भरलेले एक जहाज बर्गनहून इटलीकडे निघाले आहे. फिनिस्तेर जवळ आले की कप्तान स्वतःचा ध्वज उतरवतो आणि संयुक्त राज्याच्या खुणेचे स्वीडिश निशाण चढवतो. परतताना त्याच जागी उलटी अदलाबदल. जहाज तेच, खलाशी तेच, माल तोच, आणि समुद्रातील एका काल्पनिक रेषेवर देश बदलतो. या अदलाबदलीने खलाशांच्या मनात ध्वजाबद्दल जी जाणीव रुजवली असेल, ती कोणत्याही भाषणाने रुजली नसती. १८३८ साली ही मर्यादा उठली आणि नॉर्वेचा ध्वज सर्व समुद्रांवर फडकू लागला.

पुढील राजा पहिला ऑस्कर याने १८४४ मध्ये दोन्ही देशांच्या ध्वजांच्या वरच्या कोपऱ्यात एक समान संयुक्त खूण बसवली. दोन्ही देशांचे रंग त्या छोट्याशा चौकोनात तिरपे-उभे असे दाटीने भरले होते. सुरुवातीला नॉर्वेत तिचे स्वागतच झाले, कारण स्वीडनच्या ध्वजावरही तीच खूण होती आणि त्यातून बरोबरीचे नाते दिसत होते. पण हळूहळू लोकांनी तिला ‘हेरिंगचे सॅलड’ म्हणायला सुरुवात केली. हेरिंग मासा, बीट आणि सफरचंद यांचे तुकडे एकत्र करून केलेला तो पदार्थ दिसायला तसाच रंगीबेरंगी असतो. शतकाच्या अखेरच्या दशकांत ही खूण काढून ‘शुद्ध ध्वज’ मिळवावा ही मागणी राजकारणाच्या मध्यभागी आली. नॉर्वेच्या घटनेत एक तरतूद होती: राजाने नाकारलेला कायदा लागोपाठ तीन स्टॉर्टिंगांनी, मधल्या निवडणुकांनंतरही, तसाच्या तसा संमत केला, तर तो राजाच्या मंजुरीशिवाय कायदा होतो. शुद्ध ध्वजाचा कायदा १८९३ मध्ये संमत झाला, १८९६ मध्ये झाला आणि १८९८ मध्ये तिसऱ्यांदा झाला. ऑस्कर दुसरा याने तिन्ही वेळा नकार दिला आणि तिसऱ्या वेळी त्या नकाराला अर्थ उरला नाही. त्या व्यापाऱ्याच्या चित्राला पुन्हा त्याचे मूळ रूप मिळाले, आणि या वेळी ते राजाच्या आदेशाने नाही, कायद्याने मिळाले. चिन्हाच्या इतिहासात मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो.

राजचिन्हाबद्दल थोडक्यात सांगतो. लाल ढालीवर मुकुट घातलेला सोनेरी सिंह, त्याच्या पुढच्या पंजात परशू. सिंह हा मध्ययुगीन राजघराण्याचा. परशू संत ओलावचा, जो १०३० साली स्टिकलस्टाडच्या लढाईत मारला गेला आणि नंतर नॉर्वेचा ‘शाश्वत राजा’ मानला गेला. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा एरिक मॅग्नुसन याच्या काळात मुकुट आणि परशू सिंहाला मिळाले. डेन्मार्कच्या काळात या परशूचा दांडा चित्रकारांच्या हातून लांबत गेला, इतका की शेवटी तो वाकवून सिंहाच्या पायांखाली आणावा लागला आणि परशूचे भाल्यासारखे लांब शस्त्र झाले. १८४४ साली तो पुन्हा आखूड करण्यात आला. आज वापरात असलेले ठसठशीत, साधे रूप १९३७ साली हाल्वार्ड त्रॅटेबर्ग याने रेखाटले.

सतरा मे या दिवसाची कथा ध्वजाच्या कथेला समांतर चालते. कार्ल योहानला हा दिवस मुळीच रुचत नसे. संयुक्त राज्य स्थापन झाले ४ नोव्हेंबरला. लोकांनी साजरा करायचाच असेल तर तो दिवस करावा, सतरा मे साजरा करणे म्हणजे संयोगालाच विरोध करणे, असे त्याचे मत. त्याच्या दडपणामुळे १८२८ च्या सुमारास उघड उत्सव बंद पडले. १८२९ च्या सतरा मेला मात्र एक साधा योगायोग घडला. ‘कॉन्स्टिट्यूशनेन’, म्हणजे ‘घटना’ याच नावाची आगबोट क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या, धक्क्याला लागणार होती. बोट पाहायला गर्दी झाली, जयघोष झाला, आणि संध्याकाळी लोक शहरातील मोठ्या बाजारचौकात रेंगाळत राहिले. अधिकाऱ्यांनी त्यांच्यावर घोडदळ घातले. ही घटना ‘चौकाची लढाई’ या नावाने ओळखली जाते. गर्दीत वीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, हेन्रिक वेर्गेलान. तलवारीचा सपाट फटका त्यालाही बसला. त्याचे वडील आइड्सवोलच्या सभेचे सदस्य होते. या प्रकारानंतर सतरा मेवरील बंदी टिकली नाही, आणि १८३३ साली पहिले जाहीर भाषण याच वेर्गेलानने केले.

वेर्गेलान पुढे देशाचा अग्रगण्य कवी झाला. परंतु माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण त्याने दुसऱ्या कलमाविरुद्ध दिलेल्या लढ्यात आहे. ज्या दिवसासाठी त्याने मार खाल्ला, त्या दिवसाच्या घटनेतच अन्याय आहे हे त्याने ओळखले आणि ते उघडपणे सांगितले. कविता लिहिल्या, पत्रके काढली, स्टॉर्टिंगपुढे प्रस्ताव आणवला. १८४२ साली प्रस्तावाच्या बाजूने ५१ आणि विरुद्ध ४३ मते पडली. घटनादुरुस्तीला दोन-तृतीयांश लागत असल्याने तो फेटाळला गेला. १८४५ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, वेर्गेलान वारला. १८५१ मध्ये तो मज्जाव अखेर ९३ विरुद्ध १० मतांनी काढून टाकण्यात आला. त्याच्या कबरीवर १८४९ साली जे स्मारक उभे राहिले, ते नॉर्वेच्या सीमेबाहेरील कृतज्ञ ज्यूंनी उभारले, असे त्यावर कोरलेले आहे. ‘सीमेबाहेरील’ हा शब्द अपरिहार्य होता, कारण तेव्हा सीमेच्या आत त्यांना पाऊल ठेवण्याची परवानगीच नव्हती. आजही दर सतरा मेला ओस्लोतील ज्यू समाजातर्फे त्या कबरीपाशी आदरांजली वाहिली जाते.

या दिवसाला आजचे रूप दिले ते मुलांच्या मिरवणुकीने. १८७० साली क्रिस्तियानियात शाळकरी मुलग्यांची मिरवणूक निघाली, तिच्यामागे कवी ब्योर्नस्टर्न ब्योर्नसन याची प्रेरणा होती. मुली तीत सामील झाल्या १८८९ मध्ये. ही एकोणीस वर्षेही हिशेबात धरावी लागतात. आज ओस्लोत शेकडो शाळांची नव्हे, पण शंभराहून अधिक शाळांची मुले आपापल्या शाळेचे निशाण पुढे धरून, शाळेच्या बँडच्या मागोमाग, हातात कागदी किंवा कापडी छोटे ध्वज घेऊन चालत जातात. रस्ता राजवाड्याकडे चढत जातो आणि वरच्या सज्ज्यात राजकुटुंब तासन्‌तास उभे राहून त्यांना अभिवादन करते. पारंपरिक पोशाखातील मोठी माणसे दुतर्फा उभी असतात, दुपारी आइसक्रीम आणि सॉसेज असते. रणगाडे नसतात, क्षेपणास्त्रे नसतात. त्या रस्त्याचे नाव ‘कार्ल योहान मार्ग’ आहे आणि राजवाड्यासमोर घोड्यावर बसलेला पुतळाही कार्ल योहानचाच आहे. ज्या राजाला हा दिवस नको होता त्याच्यासमोरून दरवर्षी मुले ध्वज हलवत जातात. नॉर्वेने त्याचे नाव पुसले नाही, पुतळा हलवला नाही, हे मला त्या समाजाच्या आत्मविश्वासाचे लक्षण वाटते.

ब्योर्नसननेच राष्ट्रगीत लिहिले. ‘होय, आमचे या भूमीवर प्रेम आहे’ अशा अर्थाच्या शब्दांनी ते सुरू होते. त्याचा चुलतभाऊ रिकार्ड नूरद्रोक याने चाल दिली, आणि १७ मे १८६४ रोजी, घटनेच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ते प्रथम जाहीरपणे गायले गेले. नूरद्रोक दोनच वर्षांनी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, गेला. मात्र या गीताला राष्ट्रगीत म्हणून स्टॉर्टिंगने औपचारिक मान्यता दिली ती डिसेंबर २०१९ मध्ये. दीडशे वर्षांहून अधिक काळ ते केवळ लोक गातात म्हणून राष्ट्रगीत होते.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, आणि तोही एका वाक्याने. वाद परदेशांतील वाणिज्य दूतांचा होता: जगातील मोठ्या व्यापारी ताफ्यांपैकी एक नॉर्वेचा असूनही त्याचे दूत स्वीडिश परराष्ट्र खात्याखाली होते. स्टॉर्टिंगने स्वतंत्र वाणिज्य दूतावासांचा कायदा केला, राजा ऑस्करने मंजुरी नाकारली, क्रिस्तियान मिकेल्सनच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि राजा म्हणाला की सध्या दुसरे मंत्रिमंडळ बनवणे आपल्याला शक्य नाही. ७ जून रोजी स्टॉर्टिंगने एक लांबलचक ठराव केला. मंत्र्यांनी राजीनामे दिले आहेत, नवे सरकार देण्यास राजा असमर्थ आहे, म्हणजे घटनात्मक राजेपण थांबलेले आहे, म्हणून मंत्र्यांनीच कारभार चालवावा, असे सांगत सांगत वाक्याच्या शेपटाला त्यांनी जोडले की नॉर्वेचा राजा म्हणून राजाचे कार्य थांबल्यामुळे एका राजाखालील स्वीडनशी असलेला संयोग विसर्जित झाला आहे. बंडाची घोषणा नाही, शिवीगाळ नाही. नव्वद वर्षांचा संयोग एका गौण वाक्यांशात संपला. दोन दिवसांनी आकर्सहूस किल्ल्यावरून संयुक्त खुणेचा युद्धध्वज सलामीसह उतरवून शुद्ध ध्वज चढवण्यात आला.

स्वीडनने लोकमताची मागणी केली. १३ ऑगस्टला मतदान झाले: विभक्त होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मते, विरुद्ध १८४. स्त्रियांना मताधिकार नव्हता. त्यांनी त्याच काळात देशभर फिरून पाठिंब्याच्या सह्या गोळा केल्या आणि त्यांची संख्या २ लाख ४४ हजारांच्या वर गेली. त्या काळच्या प्रवासाच्या साधनांनी, फ्योर्डांनी आणि डोंगरांनी तुटलेल्या मुलखात, अल्पावधीत हे काम झाले. १९१३ मध्ये स्त्रियांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला. त्यामागे या सह्यांचाही वाटा आहे. पुढे डेन्मार्कच्या राजपुत्र कार्लला सिंहासन देऊ केले, तर तो म्हणाला, आधी लोकांना विचारा, त्यांना राजा हवा आहे की प्रजासत्ताक. नोव्हेंबरमध्ये दुसरे लोकमत झाले, सुमारे एकोणऐंशी टक्के मते राजेशाहीच्या बाजूने पडली, आणि कार्लने होकॉन सातवा हे जुन्या नॉर्स राजांचे नाव घेतले. राजाही मतपेटीतून आला.

हा राजा कसोटीला उतरला १९४० मध्ये. ९ एप्रिलला जर्मनीने हल्ला केला. ओस्लोच्या खाडीतील जुन्या ऑस्करबोर्ग किल्ल्याच्या तोफांनी आणि टॉर्पेडोंनी ‘ब्ल्यूशर’ ही युद्धनौका बुडवल्यामुळे राजा आणि संसद यांना निसटायला काही तास मिळाले. जर्मनांशी हातमिळवणी केलेला नॉर्वेजियन नेता विडकुन क्विस्लिंग याला पंतप्रधान नेमावे ही जर्मनांची मागणी होकॉनने धुडकावली. निर्णय सरकारचा आहे, पण आपण क्विस्लिंगला नेमणार नाही. सरकारला ते करायचेच असेल तर आपण पदत्याग करू, असे त्याने मंत्र्यांना सांगितले. दोन महिन्यांच्या लढाईनंतर ७ जूनला तो ट्रॉम्सोहून इंग्लंडला गेला. व्याप्त देशात सतरा मेचे सार्वजनिक उत्सव बंद झाले, तेव्हा लोकांनी नवी चिन्हे शोधली. राजाची मोहोर, म्हणजे रोमन ‘एच’ अक्षरात गुंफलेला सातचा आकडा, भिंतींवर, बर्फावर उमटू लागली. कोटाच्या कॉलरला कागद अडकवण्याची साधी क्लिप लावून लोक फिरू लागले. आपण एकमेकांना धरून आहोत, हा तिचा अर्थ. ही क्लिप योहान व्होलर या नॉर्वेजियनाने शोधली असे पुढे अभिमानाने सांगितले गेले, पण ते खरे नाही: त्याच्या पेटंटातील क्लिपचा आकार वेगळा होता आणि लोकांनी लावलेली क्लिप दुसरीच होती. चिन्हाचे मोल त्यामुळे तसूभरही घटत नाही. लाल विणलेल्या टोप्या घालण्याची लाट आली तेव्हा फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांवर बंदी आली, आणि मुलांनी त्या घातल्या तर आईवडिलांना शिक्षा होईल असे जाहीर झाले.

त्याच १९४२ च्या मार्चमध्ये क्विस्लिंगने दुसऱ्या कलमातील ज्यूंवरील मज्जाव पुन्हा अमलात आणला. २६ नोव्हेंबरला ‘डोनाऊ’ जहाजातून ५३२ ज्यूंना ओस्लोच्या धक्क्यावरून पाठवण्यात आले. त्यांना पकडून आणणाऱ्यांत नॉर्वेचे पोलीस होते. वेर्गेलानच्या देशात हे घडले. २७ जानेवारी २०१२ रोजी पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. राजा परतला ७ जून १९४५ रोजी, देश सोडल्याला बरोबर पाच वर्षे आणि विसर्जनाच्या ठरावाला बरोबर चाळीस वर्षे झाली त्या दिवशी.

शेवटी मी अशा एका समाजाबद्दल बोलणार आहे ज्याचा या कथेत आतापर्यंत उल्लेखच आला नाही, आणि तो न येणे हाच त्या इतिहासाचा भाग आहे. उत्तर नॉर्वेत, तसेच स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या उत्तरेत, सामी लोक राहतात. १८९८ हे शुद्ध ध्वजाच्या विजयाचे वर्ष म्हणून मी सांगितले. त्याच वर्षी सरकारने शाळांसाठी एक सूचनापत्र काढले आणि सामी आणि क्वेन, म्हणजे फिनलंडकडून येऊन उत्तरेत वसलेल्या लोकांच्या, मुलांना त्यांच्या भाषेत शिकवण्यावर आणखी कडक निर्बंध घातले. १९०२ च्या कायद्याने फिनमार्क या उत्तर टोकाच्या प्रांतातील सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे आवश्यक ठरवले. स्वतःच्या ध्वजावर दुसऱ्याची खूण नको म्हणणारे सभागृह त्याच वेळी दुसऱ्याच्या मुलांच्या तोंडची भाषा काढून घेत होते. या दोन गोष्टी नॉर्वेच्या इतिहासात वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जात. त्या एकाच पानावर ठेवून वाचल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

सामींनीही आपली चिन्हे सभेतच घडवली. ६ फेब्रुवारी १९१७ रोजी एल्सा लाउला रेनबर्ग या स्त्रीच्या पुढाकाराने त्रॉनहाइममध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंचे सामी एकत्र जमले. तो दिवस आज सामींचा राष्ट्रीय दिन आहे. १९७९ पासून आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध झालेल्या आंदोलनात स्टॉर्टिंगच्या इमारतीसमोर सामी तरुण उपोषणाला बसले. धरण झाले, पण त्या संघर्षातून सामी हक्कांचा प्रश्न देशापुढे आला. १५ ऑगस्ट १९८६ रोजी ओरे येथील परिषदेत आस्ट्रिड बोल हिने रेखाटलेला ध्वज स्वीकारला गेला: लाल, हिरवा, पिवळा, निळा, आणि मधल्या वर्तुळात अर्धे लाल सूर्याचे, अर्धे निळे चंद्राचे. हे वर्तुळ सामींच्या धार्मिक नगाऱ्यांवरील चित्रांवरून सुचलेले आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ते नगारे जप्त केले, जाळले. १९८९ मध्ये सामी संसद सुरू झाली, आणि १९९७ मध्ये तिच्या अधिवेशनात राजा पाचवा हाराल्ड म्हणाला की नॉर्वेचे राज्य नॉर्वेजियन आणि सामी अशा दोन लोकांच्या भूमीवर उभे आहे. नॉर्वेजियनकरणाच्या धोरणाबद्दल त्याने खेदही व्यक्त केला.

स्टॉर्टिंगने नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाने जून २०२३ मध्ये अहवाल सादर केला, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी स्टॉर्टिंगने सामी, क्वेन आणि वन-फिन (फिनलंडहून येऊन जंगलप्रदेशात वसलेले लोक) या समाजांची क्षमा मागणारा ठराव केला. त्या ठरावाबरोबर भाषाशिक्षणाच्या आणि आरोग्यसेवेच्या सूचनाही आल्या आहेत. फिनमार्कमधील किती मुलांना आपल्या आजीची भाषा शाळेत शिकता येते, यावर त्यांचा निकाल लागेल, आणि ती आकडेवारी सादर करण्याची जबाबदारी आता सरकारवर आहे.